देठासगट भाव

प्रिय मामी,

उद्या तुमचं वर्षश्राद्ध. सकाळीच राजूचा बोरीहून फोन आला. "भाऊजी, जेवनाच्या आंधी तुमी दोन शब्द बोलजा. आन् आईचा तो पॉलिसीवाला किस्सा सांगजा बरं, लोकं लय हासतेत." मी "हाव" म्हणालो आणि फोन ठेवला. फोन ठेवला खरा, पण पोहे तसेच राहिले.

मंदा पोळ्या लाटत होती. तिने विचारलं, "काहून, काय झालं?" आणि मामी, काय सांगू, चार वर्षं जी गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, ती तिथेच, पोह्यांची बशी हातात धरून, तुमच्या लेकीला सांगून मोकळा झालो. तिने लाटणं खाली ठेवलं. रडेल वाटलं, नाही रडली. ओरडेल वाटलं, नाही ओरडली. एवढंच म्हणाली, "मले कायले सांगता? आईले सांगा. आन् ज्या लोकांसमोर आईले बोलले होते, त्यांच्यासमोर सांगा. नाई सांगतलं, त उद्या मी उभी राहून सांगतो."

तुमचीच लेक! म्हणून आज जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसून हे पत्र लिहितोय. कापसाची एकही गाडी नाही, सगळा दिवस मोकळा आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक आहे. तुमची सगळी कागदपत्रं मीच वाचून दाखवायचो. आता लिहिणाराही मी आणि वाचून दाखवणाराही मीच. लिहायला बसलं की शाळेतली भाषा येते, त्याला हसू नका.

तर मामी, आधी तीच गोष्ट सांगून टाकतो, मग बाकीचं. पॉलिसीचे पैसे तुमच्या तोंडामुळे बुडाले नव्हते. माझ्या हातामुळे बुडाले होते.

झालं. लिहिलं एकदाचं!

आता सगळं पहिल्यापासून सांगतो. ती पॉलिसी घेतली तेव्हा मी केवढा मिरवलो होतो, आठवतं? कार्डाला प्लास्टिक मढवून आणलं होतं. शर्टाच्या खिशात, पेनाच्या बाजूला. दसऱ्याला जिनिंगमध्ये काट्याची पूजा असते, तर मी काट्यावर ते कार्डसुद्धा ठेवलं, हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. तुम्ही त्या दिवशी सोनं द्यायला दिग्रसला आला होता. कार्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिलंत आणि म्हणालात, "जवाईबापू, कुकू लागलेलं कार्ड दवाखान्यात घेतीन का?"

मी तुम्हाला समजावून सांगत होतो, की आपण वर्षाला इतके भरायचे, आणि घरात कुणी आजारी पडलं की कंपनी देणार. तुम्ही नीट ऐकून घेतलंत. मग तुमचा एकच सवाल. "ज्यानं मले कधी पाह्यलं नाई, मी ज्याले कधी पाह्यलं नाई, तो माह्या पोरीच्या पोटाचे पैशे काहून दीन?" मी हसलो होतो. अडाणी बाई, मनात म्हटलं. हेही माफ करा.

पण अडाणी कोण होतं ते ऐका. एजंट जिनिंगमध्ये जेवणाच्या सुट्टीत आला होता. मोठा फॉर्म होता. पित्ताचा त्रास आहे का, बीपी आहे का, शुगर आहे का, आधी काही दुखणं होतं का, अशा एकाखाली एक ओळी. बिचारा एजंट म्हणाला, "साहेब, खरं खरं लिहा." आणि मी पेन घेऊन बसलो. मंदाचं पोट तेव्हाही दुखायचं. पण माझी आई म्हणायची, आजाराचं नाव घेतलं की आजार घर पाहतो. दसरा तोंडावर, नवीन कोरा कागद, आणि त्यावर अभद्र कशाला लिहायचं? आणि खरं सांगायचं तर, लिहिलं असतं तर हप्ता वाढला असता, हेही डोक्यात होतंच. सगळ्या ओळींपुढे "नाही" लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे. फार सुंदर "नाही" लिहिले होते मी.

मग ती दिवाळीनंतरची सकाळ. मंदा पोट धरून आडवी, घामाने ओलीचिंब. आम्ही गाडी करून तिला यवतमाळला मोठ्या दवाखान्यात नेलं आणि तुम्ही बोरीच्या फाट्यावरून गाडीत चढलात, वाळल्या मिरचीची पिशवी घेऊन. बाजाराचा दिवस होता, मिरचीचं दुकान तसंच सोडून आला होता तुम्ही. दवाखान्यात पाऊल ठेवलं आणि अख्खा वऱ्हांडा शिंकायला लागला. सलाइन लावलेला एक म्हातारा शिंकला, नर्स शिंकली, वॉचमन तर आठ वेळा. तुम्ही त्याला म्हणालात, "सर्दी झाली का बावा? दाखवून घे, दवाखान्यातच हायेस."

डॉक्टरांनी विचारलं, "किती दिवसांपासून दुखतंय?" मी चटकन म्हणालो, "परवापासून." कारण मला माझा फॉर्म आठवत होता, मामी. तुम्हाला कुठे तो फॉर्म माहीत होता?

"परवापासून?" तुम्ही कमरेवर हात ठेवलेत. "अवो डॉक्टरसाहेब, सात वरसं झाले! धाकट्याच्या बाळंतपनापासून दुखते हिचं. तेलकट खाल्लं का पोट धरून बसते. उजवीकडून दुखते आन् पाठीत जाते. हे पोट्टी कोनाले सांगत नाई, मले सांगते." डॉक्टरांनी मान वर करून तुमच्याकडे पाहिलं. म्हणाले, "आजी, फार बरं केलंत सांगितलंत. आम्हाला हेच हवं असतं." लगेच सोनोग्राफी केली. पित्ताच्या पिशवीत खडे. गावातले डॉक्टर सात वर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या देत होते, आणि तुमच्या चार वाक्यांत रोग सापडला. हे मी उद्या सांगायला हवं, नाही का? हे त्या किस्स्यात कधीच येत नाही.

तिसऱ्या दिवशी काउंटरवरून बोलावणं आलं. कंपनीची मंजुरी नाकारली होती. तिथली मुलगी मोठ्याने वाचत होती, "केस पेपरवर सात वर्षांचा त्रास नोंदवला आहे, म्हणून..." तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि तिने कागद माझ्या हातात दिला. पुढची ओळ मी मनात वाचली. त्यात लिहिलं होतं की अर्जदाराने हा त्रास अर्जात लपवला. अर्जदार म्हणजे मी. मी कागदाची चार घड्यांची घडी केली आणि खिशात टाकली, त्या मढवलेल्या कार्डाच्या मागे.

मागे वळलो तर तुम्ही सगळे उभे. राजू, राजूची बायको, डबा घेऊन आलेल्या तुमच्या बहीण शेवंता मावशी, आणि तुम्ही. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. मोठा जावई, पॉलिसीवाला! आणि मग माझ्या तोंडातून ते निघालं. "मामी, तुमाले कोनं सांगतलं होतं मधात बोलाले? सात वरसं म्हने! तुमच्या तोंडापायी मंजुरी गेली!"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच, मामी.

बाजारात तुमच्यापुढे कोण टिकायचं? वजनात पाव इकडचा तिकडे करणाऱ्या व्यापाऱ्याला तुम्ही भर रस्त्यात असं सोलून काढायचात, की पोरं शाळा सोडून ऐकायला यायची. आणि त्या दिवशी तुम्ही गप्प. शेवंता मावशी काही बोलायला पुढे झाल्या, तुम्ही हाताने अडवलंत. आपल्याकडे जावयाला उलटून बोलत नाहीत. ती रीत तुम्ही कशी पाळलीत! "जवाईबापू बरोबर म्हनते," तुम्ही म्हणालात, "माहंच चुकलं. माह्या जिभेले हाड नाई."

एकदा, फक्त एकदा, मला झापायचं होतंत हो! "सात वरसं दुखत होतं त सात वरसंच सांगीन ना बैताडा!" एवढं म्हणाला असतात तरी मी तिथेच खिशातला कागद काढून दिला असता. असं मला वाटतं. खात्री नाही, पण वाटतं. हे माझं तुमच्यावरचं गाऱ्हाणं समजा. रीतभात कधीकधी फार महाग पडते.

बरं, रेशनकार्डावरच्या सरकारी योजनेतून करावं म्हटलं, तर तिथेही माझंच नाक कापलेलं. लग्नाला बारा वर्षं झाली तरी मंदाचं नाव तुमच्याच रेशनकार्डावर, तेही माहेरच्या आडनावाने, आधारकार्डाशी न जुळणारं. ते माझ्या कार्डावर आणायचं काम माझं होतं. "पुढच्या आठवड्यात करतो" म्हणता म्हणता बारा वर्षं!

डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनने दुखणं थांबलंय, पण आठ दिवसांत ऑपरेशन करून घ्या, इथे किंवा कुठेही. मी बाकावर डोकं धरून बसलो. मंदाला काही झालं तर, हेच डोक्यात फिरत होतं. तुम्ही पदर खोचलात, पिशवी उचलली, पुन्हा दोघंतिघं शिंकले, आणि म्हणालात, "उठा जवाईबापू. भाव इचारून येऊ."

"कशाचा भाव?"

"ऑपरेशनचा. कायचा म्हनजे?"

ती दुपार मी जन्मात विसरणार नाही. तेव्हा लाजेने मेलो होतो, आता आठवलं की काट्यावर एकटाच हसत बसतो. यवतमाळच्या रस्त्यांवर तुम्ही पुढे आणि मी दहा पावलं मागे, जणू आपली ओळखच नाही. पहिल्या दवाखान्यात काउंटरवरची मुलगी म्हणाली, "पेशंट ॲडमिट करा, मग खर्च सांगू." तुम्ही तिला प्रेमाने विचारलंत, "बाई, तू मिरची आंधी घरी नेतेस आन् मंग भाव इचारतेस का?" ती रजिस्टर चाळायला लागली. मी बाहेर चपलांजवळ उभा राहून आकाश पाहत होतो.

दुसरीकडे एका माणसाने भाव सांगितला. बरा वाटला मला. मी "चला" म्हणणार, तेवढ्यात तुम्ही विचारलंत, "हा भाव देठासगट हाय का देठ काढून?" त्याने तुमच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वॉचमनला हाक मारली.

बाहेर आल्यावर मी वैतागलो. "मामी, हा काय बजार हाय? लाज वाटते मले." तुम्ही चालता चालताच म्हणालात, "लाज घरी ठेवून येत जा, जवाईबापू. पैशे आपले, पोट पोरीचं, आन् लाज कायची?"

तिसरा दवाखाना गल्लीत होता, छोटा. डॉक्टर टेबलावरच डबा उघडून जेवत होते. तुम्ही पिशवी खाली ठेवलीत, ते शिंकले, पोळीचा घास बाजूला ठेवून म्हणाले, "बोला आजी." तुम्ही मंदाची सोनोग्राफी पुढे केलीत आणि सरळ भाव विचारलात. आणि मग पुन्हा तेच, "देठासगट का देठ काढून?" मी डोळे मिटून घेतले.

"म्हणजे काय हो आजी?"

"साहेब, मी मिरची इकतो. कोनी देठासगट इकते, कोनी देठ काढून. देठासगट स्वस्त दिसते, वजन भरते, पन घरी नेऊन देठं फेकाच लागते. तुमी ऑपरेशनचा भाव सांगतला. मंग भूल देनारा येगळा मांगतो, खोलीचं येगळं, औषीद येगळं, टाके काढाचे येगळे. हे देठं झाले. मले देठ काढलेला भाव सांगा. मोठा सांगा, पन एकच सांगा."

मामी, ते डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी डबा झाकला, हात धुऊन आले, चिठ्ठीचा कागद ओढला आणि लिहायला लागले. ऑपरेशन, भूल, खोली, औषधं, तपासणी, सगळं एका आकड्यात. खाली सही केली. मोठ्या दवाखान्यात पॉलिसीवाल्यांसाठी जो आकडा सांगितला होता, त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त. मी कागद तीनदा वाचला. देठ नव्हतंच कुठे.

मला वाटलं, आता संपलं. पण तुम्ही कुठल्या संपवता! "बरं साहेब, आन् वरून काय देता?"

"वरून?"

"मी किलोवर मूठभर वरून टाकतो गिऱ्हाइकाले. तुमी काय टाकता?"

आता मात्र ते खो खो हसले. म्हणाले, "ड्रेसिंगला आणि टाके काढायला जितक्यांदा याल, त्याचे पैसे नाही घेणार. चालेल?" तुम्ही म्हणालात, "चालते." मग ते म्हणाले, "आणि आजी, एक किलो मिरची मलाही द्या. रोख देतो." तुम्ही पिशवीची गाठ सोडत म्हणालात, "घ्या की. देठ काढूनच हाय."

ऑपरेशनच्या सकाळी तुम्ही कमरेची कापडी थैली सोडून एका झटक्यात पैसे ठेवलेत. मी कुठून आले विचारलं नाही. खरं तर विचारायची हिंमत नव्हती. माझेही थोडे होते, जिनिंगमधून उचल घेतली, पण मोठा वाटा तुमचा. दोन तासांनी डॉक्टर बाहेर आले, मंदा ठीक आहे म्हणाले, आणि छोट्या बाटलीत खडे दाखवले. तुम्ही बाटली तळहातावर तोललीत. "तोळाभर भरतीन," तुम्ही म्हणालात, आणि मग पहिल्यांदा, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा, तुमचे डोळे भरून आले. माझेही आले. मंदा शुद्धीवर आली तेव्हा तिने पहिलं काय विचारलं माहीत आहे? "आईनं डॉक्टरले काई बोललं त नाई ना?"

त्यानंतर तुम्ही ते खडे बोरीच्या बाजारात मिरचीच्या ढिगाशेजारी मांडलेत, ही तर हद्दच झाली! येणाऱ्या-जाणाऱ्याला बाटली दाखवायची आणि गोष्ट सांगायची. "अवो, माह्या तोंडानं जवाईबापूची पॉलिसी बुडाली! मी सात वरसं म्हनलं आन् कंपनी पयाली!" बाया पोट धरून हसायच्या. गोष्ट दर आठवड्याला वाढत गेली. नंतर तिच्यात कंपनीचा साहेबसुद्धा शिंकायला लागला. गिऱ्हाइकं वाढली तुमची, खोटं नाही सांगत.

मी दोनदा तिथे उभा राहून ती गोष्ट ऐकली. लोक माझ्याकडे पाहून हसले, मीही हसलो. तुम्ही स्वतःची फजिती करून माझं नाव मोठं ठेवत होता, आणि मी हसत होतो. मला त्या हसण्याची आता चीड येते.

महिनाभराने मंदाने सांगितलं, की ते पैसे तुमच्या दातांचे होते. कवळीचे! दोन वर्षं जमवत होता तुम्ही. तेव्हा कळलं की दवाखान्याच्या पायऱ्या चढताना तुमचा पाय का अडखळत नव्हता, भाव विचारायची तुम्हाला इतकी सवय कुठून. दारव्हा, दिग्रस, यवतमाळ, सगळ्या दातांच्या डॉक्टरांना तुमचं देठासकट आणि देठाशिवाय विचारून झालं होतं. मी रागावलो तुमच्यावर. तुम्ही म्हणालात, "पोरीचं पोट मोठं का माहे दात?" आणि पुढची दोन वर्षं वरणात भाकर कुस्करून खाल्लीत. पोरं फुटाणे खायची, तुम्ही त्यांच्या तोंडाकडे पाहत बसायचात. मी पाहायचो आणि दुसरीकडे बघायचो.

म्हणून दोन वर्षांनी दिवाळीला बोनस मिळाला तसा मी तडक बोरीला आलो. "चला मामी, दात बसवू." "नोको बाप्पा, दात कोरून पोट भरत नाई," तुम्ही म्हणालात, पण लुगडं मात्र नवीन नेसून बाहेर आलात!

त्या दातांच्या दवाखान्यातली एक गोष्ट मात्र मला अजून टोचते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, शुगर आहे का? बीपी?" तुम्ही तोंड उघडलंत आणि पटकन मिटलंत. माझ्याकडे पाहिलंत. हळूच विचारलंत, "सांगू का, जवाईबापू?"

मामी! डॉक्टरला सात वर्षांचं दुखणं एका दमात सांगणारी बाई, आणि आता माझी परवानगी मागत होती. हे मी केलं होतं. माझ्या एका ओरडण्याने.

"सांगा," मी म्हणालो, "सगळं सांगा, काही लपवू नका." तुम्ही सांगितलंत, बीपी आहे, कधीमधी चक्कर येते. आणि मी ठरवलं, आता सांगतो. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी तुमच्या तोंडात तो गुलाबी लगदा भरला, मापाचा, आणि म्हणाल्या, पाच मिनिटं अजिबात बोलायचं नाही. पाच मिनिटं! तुम्ही बोलू शकत नव्हतात, उठून जाऊ शकत नव्हतात. एवढी सोन्यासारखी संधी! आणि मी काय केलं? समोरच्या भिंतीवरची दात कसे घासावे याची चित्रं पाहत बसलो. सगळी पाठ आहेत मला अजून.

पण कवळी बसली आणि काय आनंद होता! तुम्ही आरशात पाहिलंत, खाली पाहिलंत, पुन्हा आरशात पाहिलंत. "मायबाई, हे त माही लहान बहीन दिसून राह्यली!" डॉक्टरीणबाईंकडूनही वरून एक डबी आणि ब्रश काढलातच. बसस्टँडवर पहिल्यांदा पेरू घेतलात आणि असा करकर चावलात, की शेजारचा कंडक्टर वळून पाहायला लागला. घरी आल्यावर फुटाणे. दुसऱ्या दिवशी शेतात गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजले, तर तुम्ही कडेचा करपलेला कडक तुकडा मागून घेतलात, आणि म्हणालात हाच खरा. बाजारात दुकान मांडायच्या आधी दात दाखवायचात, मग भाव सांगायचात, दातांचा आणि मिरचीचा. वर्षभर तुम्ही आमच्यासमोर खळखळून हसलात. तुमच्या हसण्याने आमचं घर भरायचं, मामी. हे तुम्हाला कधी तोंडावर सांगितलं नाही, आज सांगतो.

गेल्या वर्षी तुम्ही बाजारातून आलात, पाणी प्यायलात, "जरा पडतो" म्हणालात, आणि गेलात. कुणाला धावपळ नाही, दवाखाना नाही. राजूने कवळी धुऊन पुन्हा तोंडात बसवली. शेवंता मावशी म्हणाल्या, "दात घालूनच पाठवा तिले, तिथंबी भाव इचारीन." आणि रडता रडता सगळे हसले.

आता आमची खबर सांगतो. पॉलिसी मी सोडलेली नाही. नवीन घेतली आणि या वेळी फॉर्म मंदाला शेजारी बसवून भरला. तिचं ऑपरेशन, माझं बीपी, सगळं लिहिलं. जागा पुरली नाही, वेगळा कागद जोडला. हप्ता वाढला, वाढू दे. आणि घरात दवाखान्यासाठी वेगळे पैसेही ठेवतो, कारण सगळंच काही कंपनीच्या भरवशावर सोडायचं नाही हे तुम्ही शिकवलंत. मागच्या महिन्यात धाकट्याचा हात मोडला तेव्हा मी स्वतः दिग्रसमध्ये दोन ठिकाणी जाऊन भाव विचारला. पहिल्या वेळी आवाज फुटेना. दुसऱ्या वेळी फुटला. प्लास्टर, फोटो, पुन्हा दाखवायला येणं, सगळं धरून किती, असं विचारलं. कंपाउंडर हसला. मी नाही लाजलो. वरून काही मागायचं धाडस मात्र अजून होत नाही, ते पुढे होईल.

मंदाचं नाव माझ्या रेशनकार्डावर आलं आहे. हसू नका!

आता उद्याचं. खरं सांगू? भीती वाटते. चार वर्षं त्या सगळ्यांनी मला शहाणा जावई मानलं. उद्यापासून शेवंता मावशी मला पाट देतील की नाही, देव जाणे. राजू तर आईवर जीव टाकायचा, तो काय म्हणेल? म्हणू दे. ज्याला जे म्हणायचं ते म्हणू दे, मी ऐकून घेईन. तुम्ही माझं ऐकून घेतलंत ना, त्या वऱ्हांड्यात?

तेव्हा मामी, तुम्हाला वचन देतो. उद्या पानं वाढायच्या आधी मी उभा राहीन. किस्सा सांगेन, तुम्ही बाजारात सांगायचात तसाच, शिंकणाऱ्या साहेबासकट. लोक हसतील, त्यांना पोटभर हसू देईन. आणि हसणं थांबलं की त्याच राजूसमोर, त्याच शेवंता मावशीसमोर म्हणेन, "त्या दिवशी मामी खरं बोलल्या होत्या. खोटं मी लिहिलं होतं. त्यांच्या बोलण्याने माझी बायको वाचली, आणि मी चार वर्षं त्यांच्यावर आळ ठेवला." आवाज फुटला नाही, तर मंदा बाजूला उभी असेलच. पण पहिला शब्द माझा असेल.

तुमचा अपराधी जावई, ज्याला तुम्ही कधीच उलटून बोलला नाहीत तो,

प्रकाश